संकल्पातील देश आणि नकाशावरील सीमा

पुण्यातील अनेक घरांत पूजेच्या आरंभी यजमान उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन जो संकल्प करतो, म्हणजे कर्माचा काळ, स्थळ व हेतू यांचा जो उच्चार करतो, त्यात जंबुद्वीप, भरतवर्ष व दंडकारण्य यांच्या पाठोपाठ गोदावरीचा दक्षिण तीर येतो; वस्तुतः शहरातून वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळून पुढे भीमेत आणि भीमेबरोबर कृष्णेत जाते, गोदावरीकडे ती वळतही नाही. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तरी संकल्पाने त्याची दखल घेतली नाही, कारण त्याच्या भूगोलात राज्य हा घटकच नाही. मग खरे स्थळ कोणते? वैशेषिक दर्शनानुसार दिक् हे द्रव्य एक, नित्य व सर्वव्यापी असून पूर्व-पश्चिम हे भेद सूर्योदयासारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरून जडलेल्या निमित्तांमुळे, व्यवहारात येतात. या न्यायाने राज्यसीमाही उपाधीच ठरावी; मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या ज्या गावांवर महाराष्ट्र व तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, तेथील कित्येक कुटुंबांकडे दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आढळतात, आणि या उपाधीवर धान्य मिळते, हे वैशेषिकांच्या हिशेबात बसवणे सोपे नाही.