चांदीचे छत

परक्या शहरात विद्येच्या हेतूने आलेल्या तरुणाचे पहिले तीन-चार दिवस मोठे मोलाचे असतात, असे आम्हांस वाटते. पुढे तो तेथे वर्षानुवर्षे राहो की आठवड्याने परत जावो, त्या दिवसांतील त्याची नजर पुन्हा तशी होत नाही. कोणत्या गल्लीत पाहण्यासारखे काही नाही, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत येऊन पडलेली आम्ही माणसे ह्या नजरेस केव्हाच पारखी झालो आहो. घरापासून कचेरीपर्यंतची मेट्रो, महिन्याचा किराणा, मुलांची शाळा, गणेशोत्सव आणि वर्षातून एकदा गावाकडे जाणाऱ्या गाडीचे आरक्षण, एवढ्यात आमची दिल्ली संपते. पाहुणे आले म्हणजे त्यांस लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट ही ठरलेली प्रदक्षिणा घडवावयाची आणि चौथ्या दिवशी स्टेशनावर पोचते करावयाचे, हा आमचा आतिथ्यधर्म. वाचकांपैकी बहुतेकांचा अनुभव ह्याहून निराळा असेल असे वाटत नाही.

अलीकडच्या एका हिवाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा महाविद्यालयाच्या अभ्याससहलीबरोबर दिल्लीस आला. मंडळी तीसेक, सगळी इतिहासाची विद्यार्थी. दोन दिवसांची नैमित्तिक रजा आणि एक रविवार जोडून आम्ही त्यांच्याबरोबर हिंडलो. त्या हिंडण्यात एक प्रश्न उपस्थित झाला, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासपाशी एक वाटाड्या कोणा उत्तरेकडील कुटुंबास माहिती सांगत होता. आमची मुले सहज त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मयूरासन कोठे होते, ते १७३९ मध्ये नादिरशहाने कसे नेले, हे सांगून झाल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, "ऊपर चाँदी की छत थी, मराठे उतार ले गए." त्याच्या स्वरात राग नव्हता, पावसाने भिंत पडली असे सांगावे तसे त्याने ते सांगितले आणि तो पुढे गेला. आज तेथे रंगविलेले लाकडी छत आहे. मुले त्याकडे पाहत राहिली. भाच्याने आम्हांस विचारले, "मामा, हे खरे आहे का?"

खरे आहे. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने १७६० च्या ऑगस्टात दिल्ली घेतली आणि त्यानंतर ह्या दालनाच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडण्यात आले. मराठी ग्रंथांत ही गोष्ट कोणी लपविलेली नाही. परंतु मुलाने ती ग्रंथात वाचलेली नव्हती. पानिपतच्या प्रकरणात ती आली असेल तर एखाद्या ओळीत येऊन गेली असेल. आपल्याविषयीची एखादी गोष्ट आपल्या घरात ऐकणे आणि तीच परक्या शहरात परक्याच्या तोंडून, आपल्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाकडून ऐकणे, ह्यांत फार अंतर आहे.

आम्ही त्यास उत्तर देऊ लागलो. देता देता ध्यानात आले की आमच्यापाशी तीन उत्तरे तयार आहेत आणि तिन्ही खरी आहेत. पहिले असे की, नादिरशहाने नेले त्यापुढे ही चांदी म्हणजे काहीच नव्हे. १७५७ मध्ये अब्दालीनेही शहर लुटले, आणि १८५७ नंतर इंग्रजांनी तर किल्ल्याच्या आतील बहुतेक वाडे पाडून बराकी उभ्या केल्या. दुसरे असे की, भाऊंपुढे इलाज नव्हता. देशाहून निघून काही महिने झालेले, सैन्याचा पगार तुंबलेला, जनावरांस दाणावैरण नाही, उत्तरेत वसूल होईल म्हटलेला पैसा हाती आलेला नाही. भाऊ त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. पगार एक तारखेऐवजी सात तारखेस झाला तर आमच्या कचेरीत काय बोलणी होतात हे आम्ही जाणतो. तेव्हा त्या छावणीतील बोलण्यांची कल्पना करण्यास आम्हांस फार श्रम पडत नाहीत. तिसरे उत्तर असे की, ह्या गोष्टीस अडीचशेहून अधिक वर्षे होऊन गेली.

ही उत्तरे खोटी असती तर प्रश्न सोपा होता. पण खरे उत्तरसुद्धा पळवाट होऊ शकते. मुलाने विचारले होते ते 'हे घडले का' एवढेच. आम्ही त्यास 'हे मनाला लावून घेऊ नकोस' असे सांगत होतो. शिवाय दुसऱ्या उत्तरात एक वैगुण्य आहे, ते सोयीने विसरले जाते. १७५२ च्या करारान्वये बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली होती. राखणदाराने राखावयाच्या घराचेच छत उतरविणे, मग भूक कितीही लागलेली असो, ही परक्याने केलेल्या लुटीहून निराळी गोष्ट आहे. नादिरशहाने कोणास वचन दिलेले नव्हते. सूरजमल जाट भाऊंची छावणी सोडून गेला, त्याच्या नाराजीत ह्या छताचाही भाग होता असे सांगतात.

मग त्या मुलाने काय करावे? लाज वाटून घ्यावी काय? आमचे मत तसे नाही. लाज करणाऱ्याने वाटून घ्यावयाची असते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने चांदीचा एक खिळाही काढलेला नाही. परंतु त्याच न्यायाने अभिमानही करणाऱ्याचाच ठरतो, हे आपण बोलून दाखवीत नाही. १७५८ मध्ये अटकेपार झेंडे 'आम्ही' लावले असे म्हणावयाचे, आणि छत मात्र 'भाऊंनी' काढविले असे म्हणावयाचे. ही सर्वनामांची अदलाबदल वरवर पाहता व्याकरणाची वाटते, पण तिच्यात नीतीचा प्रश्न दडलेला आहे. बापाचे घर घेणाऱ्याने बापाचे देणे नाकारू नये, असे आपली जुनी माणसे मानीत. पुत्राने पित्याचे ऋण केवळ धर्म म्हणून फेडलेच पाहिजे ही हिंदू कायद्यातील जबाबदारी २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती संपविली, हे आम्हांस ठाऊक आहे; इतिहासाच्या मिळकतीस मात्र अशी दुरुस्ती कोणी केलेली नाही. संभाजीमहाराजांस १६८९ मध्ये औरंगजेबाने कसे मारविले हे उत्तरेकडील श्रोत्याने शेवटपर्यंत ऐकून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. मग त्याने 'ऊपर चाँदी की छत थी' म्हटल्यावर आपणही वाक्य पुरे होईपर्यंत उभे राहिले पाहिजे.

आम्ही आयुष्य फायलींत घालविणारी माणसे. मागील पत्रव्यवहार वाचल्याशिवाय टिपणी लिहू नये, आणि आपल्या विभागाविरुद्ध जाणारा कागद असला तरी तो फायलीतून काढू नये, एवढे तरी नोकरीने आम्हांस शिकविले आहे. भाच्यास आम्ही ह्याच भाषेत समजावून सांगितले. त्यास ते पटले, किंवा मामाचा मान राखण्यासाठी त्याने तसे दाखविले.

पण त्याच्याबरोबरच्या एका मुलास ते पटले नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही 'आपण' म्हणता ते कोण? आमच्या घरचे कोणी अटकेला गेले नव्हते आणि छतही त्यांनी काढले नाही. गेलेच असतील तर ओझी वाहायला गेले असतील." हे त्याने उर्मटपणे म्हटले नाही. पानिपतावर लढवय्यांखेरीज जी हजारो माणसे होती, त्यांस आपल्या भाषेत 'बाजारबुणगे' असा शब्द आहे, आणि तो शब्द आपण आजही शिवीसारखा वापरतो. मराठी माणसांच्या तोंडचे 'आम्ही' किती जणांस पोटात घेते आणि किती जणांस केवळ ओझ्यासाठी बरोबर नेते, ह्याचा विचार आम्ही आजवर केला नव्हता असे नाही, परंतु तो दिल्लीत, लाल किल्ल्याच्या हिरवळीवर, एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे इतक्या नेमकेपणाने मांडावा हे अपेक्षित नव्हते.

त्या मुलाचे म्हणणे तर्कास धरून आहे, असे आम्ही कबूल केले. जो अटकेवर हक्क सांगत नाही, त्याच्याकडे छताचा हिशेब मागता येत नाही. हा वारसा रक्ताने आपोआप चिकटत नाही. 'आम्ही' म्हणणारा तो म्हणण्याच्या क्षणी पत्करतो, आणि पत्करला की सबंध पत्करतो. ज्यास तो नको असेल त्यास सोडण्याची मोकळीक असली पाहिजे. मात्र सोडतानाही तो सबंधच सोडावा लागेल, हे आम्ही त्यास म्हणालो. तो हसून म्हणाला, "सोडलाच आहे की."

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या कार्यक्रमातून सुटी मागून तो चौघा मित्रांसह अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या जागी गेला. डॉ. आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथे निधन झाले. आज तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. आम्हीही बरोबर गेलो. इतकी वर्षे दिल्लीत राहून आम्ही त्या वास्तूत प्रथमच पाऊल ठेवीत होतो.

तेथे एक गोष्ट मनात आली. परक्या शहरातील विद्यार्थ्याचे पहिले दिवस म्हटल्यावर १९१३ च्या जुलैत न्यू यॉर्कमध्ये उतरलेला, कोलंबिया विद्यापीठात शिकावयास आलेला बावीस वर्षांचा भीमराव आठवल्यावाचून राहत नाही. अमेरिकेत आणि युरोपात काढलेल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहो ही जाणीव मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आणि परत येऊन बडोद्यास नोकरीवर रुजू होताना, राहावयास जागा कोठे मिळणार ह्या पहिल्याच प्रश्नाने ती जाणीव कशी परत आणली, हेही. आमच्या भाच्यास परक्या शहराने पूर्वजांचे देणे दाखविले. एखाद्यास तेच परके शहर पूर्वजांच्या नावाने लादलेल्या ओझ्यातून सोडवते. म्हणून परक्या शहरी गेलेल्या प्रत्येकाने आपल्या लोकांची बाजू सांभाळलीच पाहिजे, हा आग्रह आम्हांस आता पूर्वीइतका निर्दोष वाटत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. भाच्याने सहलीच्या यादीत नसलेले एक ठिकाण शोधून काढले होते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. त्या लढाईचा स्तंभ यमुनेपलीकडे नोएडात, गोल्फच्या मैदानाच्या आत उभा आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर त्या मैदानाच्या नावाचे स्थानकही आहे. आमच्या ओळखीतील मराठी कुटुंबांपैकी कितीतरी त्या बाजूस राहतात. हा स्तंभ पाहिलेला एकही गृहस्थ आम्हांस भेटलेला नाही. अंध झालेल्या शहाआलमाची ह्याच लाल किल्ल्यातून १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या तावडीतून सुटका करणारे महादजींचे सैन्य होते, हेही मुलाने तेथे जाताना मेट्रोत आम्हांस ऐकविले. वाटाड्याने ते सांगितले नव्हते. त्याने सांगितलेले आणि त्याने गाळलेले, अशी दोन्ही टिपणे मुलाने एकाच पानावर लिहिली होती, ह्याचे आम्हांस बरे वाटले.

शेवटच्या दिवशी मंडळी पानिपतास गेली. दिल्लीहून ते अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाचे स्मारक काला अंब येथे आहे. मराठीत 'पानिपत' हे गावाचे नाव राहिलेले नाही, ते सामान्यनाम झाले आहे. निवडणुकीत होते, परीक्षेत होते, व्यापारात होते. त्या गावच्या लोकांस ह्याची वार्ताही नाही. त्यांचे पानिपत म्हणजे माग आणि घोंगड्या-चादरींचा व्यापार. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी तो वाढविला. भाच्याने बाजारात एका दुकानदारास आपण कोठून आलो ते सांगितले, तेव्हा त्या गृहस्थाने एवढेच विचारले की, तुमच्याकडे थंडी कितपत पडते?

मुलाने आईसाठी एक जाड तांबडी घोंगडी निवडली. पण पैसे देताना तो थबकला. पानिपताहून आणली म्हटल्यावर आई ती अंगावर घेईल की नाही, अशी त्यास शंका आली. आमची बहीण शकुन-अपशकुन मानणारी आहे, हे खरे. आम्ही त्यास म्हटले, "घे, आणि कोठून आणली तेही सांग." त्याने ती घेतली. दुकानदाराने दहा रुपये सोडले.