एक सही, दोन आज्ञा



नवी गाडी घेतली की आपण ती प्रथम चर्चच्या आवारात आणतो. फादर पवित्र पाणी शिंपडतात, आरशाला रोझरी लटकते, पेढे वाटले जातात. हे चांगलेच आहे. परंतु या आशीर्वादाच्या आधी आपण एका कागदावर सही केलेली असते. आज त्या सहीविषयी थोडे चिंतन करू या.

वाहन परवान्यासाठी 'फॉर्म नंबर १' भरावा लागतो. त्यात अर्जदाराने आपल्या प्रकृतीची माहिती स्वतःच द्यायची असते. फेफरे येते काय? अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते काय? रातांधळेपणा आहे काय? शेवटी ही माहिती खरी असल्याची सही. पुष्कळ जण प्रश्न न वाचताच एजंट दाखवील तेथे सही करून मोकळे होतात. मात्र खोटे लिहिले तर आठव्या आज्ञेचा भंग होतो आणि त्यातून कुणाचा जीव गेला तर पाचवीचाही.

माणसे आजार का लपवतात, हे मला ठाऊक आहे. रिक्षावर घर चालते. मुलीचे लग्न ठरायचे आहे. "लोक काय म्हणतील?" ही भीती खोटी नाही. आजार हे पाप नाही, फेफरे हा शापही नाही. पण रस्त्यावरून शाळेत निघालेल्या लेकराला आपली अडचण ठाऊक नसते.

मोशेच्या नियमशास्त्रात दोन साध्या गोष्टी आहेत. घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे कुणी पडून मरणार नाही. आणि आपला बैल मारका आहे हे ठाऊक असूनही मालकाने त्याला बांधून ठेवले नाही, तर बळी गेलेल्या जिवाचा दोष मालकावर येतो. 'ठाऊक असूनही' हा शब्द आपण मनात ठेवावा.

परवाना मिळाल्यानंतर आजार जडला तर? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ नुसार परवाना अधिकारी नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात, परवाना रद्दही करू शकतात. पण त्यांनी विचारण्याची वाट का पाहावी? शुद्ध हरपली, साखर वारंवार एकदम उतरू लागली, मोतीबिंदूने समोरचे धूसर झाले, तर चावी खाली ठेवून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मी गाडी चालवू का?" चाळिशीनंतर लागणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र ओळखीने, न तपासता घेऊ नका. डॉक्टर बंधु-भगिनींनो, तुम्हीही ते तसे देऊ नका.

२००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एक घरच्यांसाठी आहे : जो गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही, त्याला प्रेमाने परावृत्त करा. प्रेमाने, अपमान करून नव्हे. वडिलांच्या हातून चावी घेताना त्यांचा मान हिरावू नका.

आणि ज्याने खरे सांगितले व रोजगार गमावला, त्याला वाऱ्यावर सोडणारा धर्मग्राम ख्रिस्ताचा कसा म्हणावा? त्याला दुसरे काम शोधून देऊ या. रविवारी मिस्साला येताना आपल्या गाडीतील एक जागा शेजारच्या आजोबांसाठी ठेवू या. खरे बोलणाऱ्याला एकटे पडू न देणे, हाही आपला कठडाच आहे.

प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो. आमेन.