परक्या वर्गातील वाद

शिक्षक होऊ पाहणारा विद्यार्थी परक्या शाळेत पाठ घेतो, तेव्हा तेथील मुलांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा समजला जात असला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: सत्य जाणण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा. वाद कोणाशी करावा हे सांगताना न्यायसूत्रे गुरू व सहाध्यायी यांच्याबरोबर शिष्याचेही नाव घेतात, आणि ही गोष्ट फार मोलाची आहे; कारण शिष्याशी वाद करायचा तर आपले मत सोडण्याची तयारी गुरूलाही ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत परके शिक्षक आणि एतद्देशीय मुले यांची गाठ प्रथम मिशनच्या शाळांत पडली. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये येथे मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांच्या धर्मशिक्षणात प्रश्नोत्तरीला, म्हणजे ठरलेल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर देण्याच्या पद्धतीला, मोठे स्थान होते. मूल बोलत असे, पण त्याच्या बोलण्याने शिकवणाऱ्याच्या मनात काही हलण्याचा संभव नसे. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी ज्या जाहीर चर्चा झाल्या, त्यांत विद्वत्ता होती, तळमळही होती. तथापि जमलेल्या श्रोत्यांदेखत आपला पक्ष मागे घेणे दोघांनाही अवघड असल्याने त्यांचा कल जल्पाकडेच झुकणे अपरिहार्य होते.

वादाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी केला. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने पुढच्याच वर्षी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. शिकवणारे स्वतः विद्यार्थी किंवा नुकतेच शिकून बाहेर पडलेले होते, दादाभाई नवरोजी त्यांच्यापैकीच एक, आणि आरंभी हे काम त्यांनी विनावेतन केले. जगन्नाथ शंकरशेट यांचे पाठबळ या कार्याला लाभले. मुली मिळवण्यासाठी घरोघर हिंडावे लागे, म्हणून फळ्यापुढे उभे राहून प्रश्न विचारण्यापूर्वी या तरुणांना उंबरठ्याबाहेर उभे राहून, मुलीने शिकावेच कशाला, या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले. त्यांचा अधिकार तेथे कमावला गेला.

आज परळ-लालबागच्या एखाद्या शाळेत सराव पाठ घेण्यास जाणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकाच्या हाती पाठ टाचण असते, म्हणजे पाठाचा आधी लिहिलेला आराखडा. त्यात शिक्षककृती व विद्यार्थीकृती असे रकाने असतात, आणि मुलाने काय म्हणावे हे मूल भेटण्याआधीच लिहिलेले असते. समजा, मुंबईला पाणी कोठून मिळते, असे त्याने विचारले. टाचणात तानसा, भातसा, वैतरणा ही नावे आहेत; चाळीतील मुलगी मात्र सांगते की पाणी पहाटे येते आणि त्यासाठी घरातले कोणीतरी लवकर उठते. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना हे उत्तर चूक ठरवून पुढे जाणे सोपे आहे. परंतु पाणी त्याच वेळी का येते, असा प्रतिप्रश्न केला तर चर्चा जलाशय, जलवाहिन्या आणि वाटपाच्या वेळा यांपर्यंत जाते, आणि नावांची यादी जे सांगत नाही असे काही वर्गाला कळू लागते.

अशाने मुलाचे कोणतेही उत्तर ग्राह्य ठरेल, हा आक्षेप टिकत नाही. वादात प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि तर्क यांचे बंधन असते. त्या बंधनाने मुलीचे म्हणणे तपासले जाते, तसे टाचणातील उत्तरही तपासले जाते. भातसाचे पाणी चाळीच्या नळापर्यंत कसे पोहोचते हे विद्यार्थी-शिक्षकाला ठाऊक नसेल, तर तसे वर्गात सांगून त्याने मुलांसह ते शोधावे. सराव पाठ म्हणून तो तास अपुरा राहिला, तरी न्यायदर्शनाच्या कसोटीवर तो वादच ठरतो.