जन्मदात्र्या आणि सांभाळणाऱ्या

ग्रीक मातृदेवतांवरचे लेखन बहुधा गायापासून, म्हणजे पृथ्वीपासून, सुरू होते आणि विश्वव्यापी वात्सल्यापाशी येऊन थांबते. मूळ कथांत हे वात्सल्य फारसे हाती लागत नाही. हेसिअडच्या ‘थिऑगनी’त गाया मुलाच्या हाती विळा देते आणि त्याला बापावर घालते. ‘इलियड’मध्ये हिफेस्टस सांगतो, मी लंगडा निपजलो म्हणून आईला मी नकोसा झालो. त्याला नऊ वर्षे गुहेत दडवून सांभाळले ते थेटिस आणि युरिनोमी या जलकन्यांनी.

हा अपवाद नव्हे, रीतच आहे. रिआने झ्यूसला जन्म दिला. कवी कॅलिमाकसच्या स्तोत्रात त्याला वाढवतात त्या क्रीटमधल्या निम्फ. मर्त्य माणसाशी संग केल्याची अॅफ्रोडाइटीला लाज वाटते, म्हणून पोटातले मूल, एनिअस, ती डोंगरातल्या निम्फांच्या हवाली करायचे ठरवते. जन्म थोर देवीने द्यायचा, उस्तवार झऱ्याझाडांतल्या या लहान देवतांनी करायची! पुराणे रचणाऱ्यांना मोठ्या घरांतल्या दायांची चांगली माहिती असावी.

अॅफ्रोडाइटीवरच्या स्तोत्रात ती आणखी एक गोष्ट सांगते. या निम्फ अमर नाहीत. त्यांच्याबरोबर फर आणि ओक जन्माला येतात. झाड वाळले, साल गळाली की निम्फही जाते. म्हणजे टाकून जाणारी अमर आणि सांभाळणारी मर्त्य. ग्रीक कथांमधला हा हिशेब मला त्यांच्या साऱ्या युद्धांहून क्रूर वाटतो.

डिमीटर मात्र या रीतीत बसत नाही. मुलगी पर्सेफनी हरवल्यावर ती म्हातारीच्या वेषात एल्युसिसला येते आणि राजा केलिअसच्या घरी चक्क दाई होते. डेमोफोन या तान्ह्याला अंगभर अमृत चोळते आणि अमर करण्यासाठी रात्री निखाऱ्यांत ठेवते. आई मेटानाइरा ते पाहून किंचाळते. कोणती आई किंचाळणार नाही? पण देवी संतापते, मूल जमिनीवर टाकते आणि स्वतःसाठी मंदिर मागते. पुढे ती धरणीतले बी उगवू देत नाही. माणसे उपाशी मरू लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूस नमतो. तिच्या दुःखाला सत्तेचा आधार होता. निम्फांच्या वाट्याला असे दुःख आले असते, तर कोण नमले असते?

पूजेतही हा फरक दिसतो. एल्युसिसला डिमीटरच्या हजारो दीक्षार्थींना सामावणारे सभागृह होते. निम्फांना मिळाल्या गुहा आणि झरे. अथेन्सजवळ वारी येथील गुहेत ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात थेराहून आलेल्या आर्किडेमसने स्वतः खडक कोरला आणि निम्फांसाठी बाग लावली. अथेन्समधल्या नवरीच्या न्हाणाचे पाणी मंदिरातून नव्हे, कॅलिर्‍होईच्या झऱ्यावरून यायचे. थोरल्या देवीपुढे माणूस नमत असेल, पण त्याचे रोजचे नाते या धाकट्यांशी होते, आणि ते अधिक चिवट ठरले.

इ.स. 396 च्या सुमारास अलारिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले आणि डिमीटरची पूजा तिथे संपली. निम्फ मात्र ‘नेराइदा’ म्हणून ग्रीक खेड्यांत टिकल्या. जॉन लॉसनच्या 1910 च्या ग्रंथात त्यांच्यावरच्या विश्वासाच्या नोंदी आहेत. तोवर त्यांची ख्याती पार उलटली होती: एकेकाळी देवांची पोरे वाढवणाऱ्या या बायका आपली पोरे पळवतील, अशी गावातल्या आयांना धास्ती असे.