सुट्या भागाची साक्ष

2023 साली लिस्बनमध्ये ‘टॅप’ या पोर्तुगीज विमान कंपनीच्या इंजिनदुरुस्ती विभागात एक लहानसा डॅम्पर येऊन पडला. कागद म्हणत होता, नवाकोरा. हातात घेणाऱ्याला तो जुना वाटत होता. तंत्रज्ञांनी थेट फ्रान्समधल्या ‘साफ्रान’ या निर्मात्या कंपनीकडे चौकशी केली. कागद बनावट, सही खोटी, असं उत्तर आलं. माल लंडनच्या ‘एओजी टेक्निक्स’ या दलाल कंपनीचा होता. मग डेल्टा, अमेरिकन, साउथवेस्ट, रायनएअर अशा एकेका कंपनीला आपापली सीएफएम56 इंजिनं तपासावी लागली आणि तसेच भाग तिथेही निघाले.

इतक्या जाणत्या लोकांनी कागदावर विश्वास ठेवलाच कसा? कारण दुसरा इलाज नसतो. धातूला उष्णतेचे संस्कार नीट झाले की नाही, आत बारीक तडा आहे का, भाग आधी किती तास उडून आला आहे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून भागासोबत त्याचा दाखला फिरतो. हा दाखला विमान नियामकाच्या नमुन्यात असतो : युरोपात ‘ईसा’चा फॉर्म वन, अमेरिकेत एफएएचा 8130-3, भारतात डीजीसीएचा सीए फॉर्म वन. नागपूरच्या मिहानमधल्या दुरुस्ती केंद्रातही परदेशी भाग आला की खोक्याइतकंच महत्त्व त्या कागदाला असतं. दाखला हरवला तर उत्तम भागही बाजूला ठेवावा लागतो.

भारतीय दर्शनांत हा सगळा व्यवहार शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानाचा आहे. चार्वाकाने ते नाकारलं, वैशेषिकांनी अनुमानात जिरवलं, नैयायिकांनी मात्र स्वतंत्र प्रमाण मानलं. अट एवढीच की सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याने वस्तू स्वतः जाणलेली हवी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा हवी. यावर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने घातलेली भर तर आजही चकित करते. आप्ताचं हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू, असं तो म्हणतो. आप्तपणाला त्याने सरहद्द ठेवली नाही.

सरकारांना इतकं उदार होणं जमत नाही. अमेरिका आणि युरोपीय संघ यांचा विमानसुरक्षा करार 1 मे 2011 रोजी अमलात आला, तेव्हा कुठे एकमेकांचे दाखले कोणत्या अटींवर चालतील याची घडी बसली. ब्रिटनच्या बाबतीत उलट घडलं. 31 डिसेंबर 2020 च्या रात्री ब्रिटन युरोपच्या विमान नियमांतून बाहेर पडलं. डिसेंबरात दिलेले दाखले युरोपात वैध राहिले. जानेवारीपासून मात्र त्याच दुरुस्ती कारखान्यातल्या, त्याच माणसाच्या सहीला युरोपात किंमत हवी असेल तर ‘ईसा’ची परदेशी संस्था म्हणून वेगळी मान्यता लागू लागली. पाना तोच, हात तोच.

12 मार्च 2022 रोजी तर बर्म्युडाने आपल्याकडे नोंदलेल्या, पण रशियन कंपन्या चालवत असलेल्या विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रं तात्पुरती स्थगित केली. त्या रात्री एकही रिव्हेट ढिला झाला नव्हता. मग ती विमानं अयोग्य झाली का? बर्म्युडाचं म्हणणं एवढंच होतं की निर्बंधांमुळे देखरेख शक्य नाही, म्हणून खात्री देता येत नाही. दोष आहे हे कळणं वेगळं आणि दोष आहे की नाही हे न कळणं वेगळं. कायद्याने दोन्हींचा निकाल एकच लावला. हे वरवर अन्यायाचं वाटलं तरी बरोबर आहे. दाखला केवळ वस्तूचा गुण सांगत नाही, तो गुण आजही कोणीतरी जबाबदारीने जाणतो आहे हेही सांगतो.

आता आप्ताचा आप्त कोण? कारखान्याला नियामक तपासतो, नियामकाला दुसरा नियामक, आणि अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, सुरू होते. न्यायदर्शनाचं नेहमीचं उत्तर असं की ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की ज्ञान खरं. विमानात हे उत्तर भयंकर आहे. 8 सप्टेंबर 1989 रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअरचं कॉन्व्हेअर डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, 55 जण गेले. शेपटीच्या जोडणीत बनावट, कमी ताकदीचे बोल्ट निघाले. आधीच्या प्रत्येक सुखरूप उड्डाणाने त्या बोल्टांचं ‘प्रामाण्य’ सिद्धच केलेलं होतं!

नैयायिकांकडे दुसरी, जास्त कामाची युक्ती आहे. आयुर्वेदाच्या सांगण्याचा पडताळा इथेच येतो, त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलचं आप्ताचं सांगणंही मानावं. ऑडिट नेमकं हेच करतं : चार नोंदी उघडून पाहायच्या आणि न उघडलेल्या चार हजारांवर विश्वास टाकायचा. मीमांसक याहून धीट. ज्ञान मुळातच प्रमाण, ते खोटं ठरवणारा बाधक पुढे येईपर्यंत. स्टोअरमधला रोजचा व्यवहार खरं तर याच मताने चालतो आणि लिस्बनचा तो तंत्रज्ञ म्हणजे मूर्तिमंत बाधक. गंमत म्हणजे फॉर्म वन स्वतःविषयी फार नम्र आहे. केवळ या कागदामुळे भाग बसवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, आणि बसवणारा दुसऱ्या देशाच्या नियमांखाली काम करत असेल तर तिथल्या नियामकाला हा दाखला मान्य आहे याची खात्री त्यानेच करावी, असं त्याच्यावरच छापलेलं असतं.

एओजी प्रकरणानंतर डिजिटल सहीची मागणी जोरात आहे. तिने बनावट सहीला आळा बसेल, म्हणजे सांगणारा कोण हे पक्कं होईल. पण अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या सापा प्रोफाइल्स या कंपनीत कागद अस्सल होता आणि कंपनीही खरी. तिच्या प्रयोगशाळेत अॅल्युमिनियमच्या ताणचाचण्यांचे आकडे 19 वर्षं बदलले जात होते. नासाने आपल्या 2009 आणि 2011 सालच्या दोन उपग्रह मोहिमांच्या अपयशाचा माग याच धातूपर्यंत नेला. नुकसान 70 कोटी डॉलरांहून जास्त झालं. आप्ताच्या दोन अटींपैकी पहिली तिथे पुरी झाली होती : आकडा काय आला, हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं.