झाडाचा धनी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक करंज आहे आणि करंजाखाली इस्त्रीवाल्या मामांची गाडी. मे महिन्यात फुलं झडायला लागली की मामा दर दोन शर्टांमागे एक फुंकर मारतात, फुलं उडवतात आणि पुन्हा इस्त्री फिरवतात. तरी एखादं फूल कुणाच्या तरी कॉलरमध्ये घडी होऊन घरी जातंच.

या करंजाला लोखंडी ट्री गार्ड होतं. लावलं तेव्हा रोप अंगठ्याएवढं असेल, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या रहाटणीत तेव्हा शेळ्याही होत्या. पुढे शेळ्या गेल्या, गोठे गेले, त्या जागी पार्किंगचे दोन-दोन मजले आले. गार्ड मात्र तिथेच. परवा शर्ट घ्यायला थांबलो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मधली कडी बुंध्यात रुतली होती आणि साल तिच्यावरून ओठासारखी वळली होती. पाटीवरचं ‘सौजन्य’ एवढं वाचता येत होतं. खालचं दात्याचं नाव झाडाने खाल्लं होतं.

अशी कडी झाडाला हळूहळू मारते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या पातळ थरातून मुळांकडे उतरतं. तो थर चोहीकडून आवळला की वर पानं हिरवी दिसतात आणि खाली मुळं उपाशी राहतात. मग एखाद्या वळवाच्या पावसात झाड आडवं होतं आणि आपण म्हणतो, वारा फार होता.

झाड तोडायचं म्हटलं तर आपल्याकडे नियमांची कमतरता नाही. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्याप्रमाणे महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आयुक्त त्याचे अध्यक्ष. झाड आपल्याच आवारातलं असलं तरी अर्ज करावा लागतो. वृक्ष अधिकारी येऊन बघतो, वर्तमानपत्रात सूचना निघते, तिची एक प्रत त्याच झाडावर लावतात आणि हरकतींसाठी ७ दिवस देतात. आपल्याच मृत्यूची नोटीस अंगावर वागवत आठवडाभर उभं राहणं माणसाच्या वाट्याला येत नाही, झाडाच्या येतं. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडाला हेरिटेजचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायचं बंधन घातलं.

हा वयाचा हिशेब मला जरा गमतीचा वाटतो. तीस वर्षांच्या झाडाच्या बदल्यात तीस रोपं. बेरीज बरोबर, सावली शून्य. मामांची गाडी तीस रोपांखाली उभी राहू शकत नाही.

म्हणजे जन्माला जुलैतला सोहळा आणि फोटो, मरणाला नोटीस. मधल्या पंचवीस वर्षांत झाड कुणाच्या वहीत असतं? दर ५ वर्षांनी झाडांची गणना करा, असं कायदाच सांगतो. पण गणनेला आलेला माणूस बुंध्याचा घेर मोजून पुढच्या झाडाकडे जाणार. कडी कापायला त्याच्याकडे ना करवत, ना हुकूम. मिळकतकराच्या बिलात वृक्ष उपकराची एक ओळ असते, ती आपण बिलाबरोबर भरतो आणि बिलाबरोबरच विसरतो. गंमत म्हणजे, या कायद्याच्या लेखी झाड पाडणं म्हणजे नुसतं तोडणं नाही. जाळणं, कापणं आणि कोणत्याही तऱ्हेने इजा करणं, सगळं त्यात येतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीच्या एका प्रकरणात झाडांभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या करंजाच्या बुडाशी पेव्हर ब्लॉक असे चपखल बसवले होते, की मुंगीला वाट काढावी लागेल. काम करणाऱ्याने फार मन लावून केलं असणार. त्याला झाडतोड्या कोण म्हणेल?

वृक्षारोपणाच्या भाषणांत रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र हटकून येतं. रयतेने झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, इथपर्यंत वक्ता येतो आणि टाळ्या घेतो. त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विषय आरमाराच्या लाकडाचा आहे. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तरी त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीने न्यावं. जबरदस्ती करू नये. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला वृक्षतोडीचा नियमच म्हणायचा. आणि तो उभा आहे एका गृहीतावर, की झाडाला धनी आहे.

रस्त्यावरच्या झाडाला कोण आहे? कागदावर महापालिका. तारांखालच्या फांद्यांपुरती वीज कंपनी, केबल गुंडाळण्यापुरता केबलवाला, खिळ्यापुरता क्लासवाला. पावसाळ्याआधी छाटणीची गाडी येते, तारांच्या बाजूच्या फांद्या उतरवते, आणि सगळं वजन एका अंगाला गेलेलं झाड जून महिन्याच्या वाऱ्याला तोंड द्यायला उभं राहतं.

तर, गार्ड. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात एक सोय मोठी आहे, कटिंग मशीनवाला माणूस पाच मिनिटांत सापडतो. नखाते वस्तीकडून एक फॅब्रिकेशनवाला पोरगा रविवारी सकाळी आला. त्याने आधी बुंध्याला ओलं पोतं गुंडाळलं, ठिणगी सालीवर जायला नको म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या पट्ट्या निघाल्या. रुतलेली कडी उपटली तर साल सोलून निघाली असती, म्हणून तिचे बाहेरचे तुकडे कापले आणि आतलं लोखंड आतच ठेवलं. ते आता झाडाचं. पहारीने चार-सहा ब्लॉक उचकटले तेव्हा खालची माती पिठासारखी कोरडी निघाली. मामांनी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, ते क्षणात दिसेनासं झालं. पोराने पैसे घेतले नाहीत, गार्डाचं भंगार घेतलं. चोख व्यवहार.

‘अंघोळीची गोळी’ या गटाची तरुण मुलं पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये झाडांच्या अंगातले खिळे उपटत फिरली, त्यांची मला त्या दिवशी आठवण झाली. मनातल्या मनात मी स्वतःलाही त्यांच्या रांगेत थोडं बसवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी शर्ट घेऊन गेलो. मामांच्या एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात सात-आठ हँगर. इतकी वर्षं ते हँगर गार्डाच्या वरच्या पट्टीला लटकायचे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामा करंजाच्या बुंध्याकडे बघत होते.

“सर,” ते अदबीने म्हणाले, “आता हे कुठं अडकवू? एक खिळा मारला तर चालंल का? लहानच.”