सरकार नावाचं गिऱ्हाईक

जून 2018 मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या सरकारी वकिलांनी फोक्सवॅगन कंपनीला डिझेल गाड्यांच्या घोटाळ्याबद्दल एक अब्ज युरोंचा दंड ठोठावला. कंपनीने खळखळ न करता तो मान्य केला आणि रक्कम लोअर सॅक्सनी राज्याच्या तिजोरीत जमा झाली. इथपर्यंत सगळं एखाद्या बोधकथेसारखं आहे. मात्र याच लोअर सॅक्सनीकडे फोक्सवॅगनचे 20 टक्के मताधिकार आहेत आणि राज्याचे मुख्यमंत्री कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर बसतात. ज्याच्या तिजोरीत दंड पडला, तोच दंड भरणाऱ्या कंपनीचा एक मोठा भागीदार. आपलेच दात, आपलेच ओठ.

मूळ घोटाळा आता बहुतेकांना ठाऊक आहे. 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. डिझेल गाडीतल्या सॉफ्टवेअरला आपली तपासणी चालू आहे हे ओळखता येत होतं. चाकं रोलरवर फिरताहेत आणि स्टीअरिंग हलत नाही, असं दिसलं की धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण जोराने चाले. गाडी रस्त्यावर आली की ही यंत्रणा ढिली पडे. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जाई. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. आठवड्याच्या आत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. कंपनी लबाड ठरली आणि बहुतेकांच्या लेखी विषय संपला.

मला या प्रकरणात कंपनीपेक्षा सरकारं जास्त खटकतात. नफ्यासाठी कंपनी खोटं बोलली, हे वाईट आहे, पण अनपेक्षित नाही. सरकारांचं काय? युरोपीय आयोगाचं स्वतःचं संशोधन केंद्र इटलीत इस्प्रा इथे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गाडीवर फिरतं मापनयंत्र बसवून रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि डिझेल गाड्या प्रत्यक्षात मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, हे 2011 मध्येच छापून ठेवलं. म्हणजे घोटाळा फुटण्याच्या चार वर्षं आधी. तपासणीला चकवणाऱ्या यंत्रणेवर बंदी घालणारा कायदा 2007 पासून होता. आणि ही युक्ती कोणाला सुचलीच नव्हती म्हणावं, तर 1998 मध्ये अमेरिकेने ट्रकची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांना जवळपास याच कारणासाठी पकडून सुमारे एक अब्ज डॉलरची तडजोड करायला लावली होती. कायदा होता, जुना धडा होता, आपल्याच प्रयोगशाळेचे आकडे होते. तरी फाइल हलली नाही. 2017 मध्ये युरोपीय संसदेच्या चौकशी समितीने याला आयोगाचा आणि सदस्य देशांचा गैरकारभार म्हटलं.

शेवटी पकडलं कोणी, तर अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने. त्यात अरविंद तिरुवेंगडम हे भारतीय वंशाचे संशोधकही होते. डिकीत मापनयंत्र ठेवून त्यांनी गाडी लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेली. त्यांना हे काम देणाऱ्या संस्थेला कोणाला पकडायचंही नव्हतं. अमेरिकेतली डिझेल गाडी किती स्वच्छ चालते हे युरोपला दाखवावं, एवढाच हेतू. प्रामाणिक माणूस नुसता मोजायला बसला तरी काय होतं, ते यातून दिसलं. आणि मोजायची जबाबदारी ज्यांची होती, पगार ज्यांना त्यासाठी मिळत होता, ते का बसले नाहीत, हा प्रश्न तिथेच उरला.

उत्तराचा एक तुकडा ऑगस्ट 2017 मध्ये हाती आला. लोअर सॅक्सनीचे तेव्हाचे मुख्यमंत्री श्टेफान वाइल यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये विधिमंडळात या घोटाळ्यावर निवेदन केलं होतं. त्या भाषणाचा मसुदा त्यांच्या कार्यालयाने आधी फोक्सवॅगनकडे पाठवला होता. वाइल यांनी हे नाकारलं नाही. अमेरिकेत कायदेशीर प्रक्रिया चालू असल्याने तपशील तपासून घेणं गरजेचं होतं आणि टीकेचा गाभा तसाच राहिला, असं त्यांचं म्हणणं. मला ते खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. आपण काही वावगं करतो आहोत असं त्या कार्यालयात कोणाला वाटलंच नसेल. कंपनी राज्यातली, नोकऱ्या आपल्या लोकांच्या, भागभांडवल आपलं, मंडळावर आपण; मग आरोपीला आरोपपत्र दाखवून दुरुस्त करून घेणं हा साधा शिष्टाचार ठरतो. लाच घेणाऱ्या अधिकाऱ्याची निदान झोप उडण्याची शक्यता असते. जो कंपनीला घरचं मानतो, त्याला शांत झोप लागते.

जर्मनीकडे बोट दाखवण्याआधी आपला ताळेबंद पाहू. आपल्याकडे याहून आधी, जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सने 1 लाख 14 हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. सरकारी तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवली जात होती, ही गोष्ट कंपनीनेच सरकारला कळवली. विक्री 2005 पासूनची. आठ वर्षं तपासणी यंत्रणेला पत्ता नव्हता. सरकारने नेमलेल्या समितीने याला कंपनीने केलेली फसवणूक म्हटलं. पण आठ वर्षं फसत राहिलेल्या तपासनिसाला काय म्हणायचं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी लावून धरला नाही.

पुढे फोक्सवॅगनची पाळी आली. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने रस्त्यावर मोजलं तेव्हा काही गाड्यांचं उत्सर्जन मर्यादेच्या पाच ते नऊ पट निघालं आणि कंपनीने 3 लाख 23 हजार 700 गाड्या दुरुस्तीला बोलावल्या. एका शिक्षिकेसह काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. एआरएआय, नागपूरची पर्यावरण संशोधन करणारी नीरी वगैरे संस्थांच्या तज्ज्ञांनी दिल्लीतल्या आरोग्यहानीचा हिशेब 171.34 कोटी रुपये काढला. लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड लावला. दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कंपनीचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: भारतात रस्त्यावरच्या उत्सर्जनाची मर्यादाच नव्हती, मग आम्ही ओलांडली काय? युक्तिवाद निर्लज्ज वाटला तरी ती पळवाट सरकारने ठेवली होती. रस्त्यावरच्या मोजमापाची सक्ती आपल्याकडे आली एप्रिल 2023 मध्ये. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात आला 2019 च्या दुरुस्तीने. आणि तुमच्या-माझ्या गाडीची जी पीयूसी होते, तीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तपासतात. ज्या नायट्रोजन ऑक्साइडवरून जगभर एवढा गहजब झाला, तो त्या तपासणीत मोजलाच जात नाही. पैसे भरा, कागद घ्या.

इथवर सरकार तपासनीस म्हणून कसं वागलं ते झालं. त्याची आणखी एक भूमिका आहे आणि तिच्याबद्दल आपण जवळपास कधीच विचारत नाही. सरकार हे गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या गाड्या, पोलिसांच्या व्हॅन, रुग्णवाहिका, कचऱ्याचे ट्रक, महापालिकांच्या बस, सगळं आपल्या करातून. तुम्ही-आम्ही शोरूममध्ये फसलो तर ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे ना प्रयोगशाळा, ना चौकशीचा अधिकार. सरकारकडे दोन्ही आहे. तरीही ते फसत असेल, तर त्याला भोळं म्हणणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं होय.

आणि लबाडी उघड झाल्यावर हे गिऱ्हाईक काय करतं? युरोपच्या 2014 च्या सार्वजनिक खरेदी नियमांत, व्यवसायात गंभीर गैरवर्तन केलेल्या पुरवठादाराला निविदेतून वगळण्याची मुभा आहे. त्याला परत यायचं तर नुकसान भरून देऊन, तपासाला साथ देऊन, घर साफ केल्याचा पुरावा त्यानेच द्यायचा. वगळण्याचा हा अधिकार वापरायचा की नाही हे खरेदीदारावर आहे, आणि तिथेही हात आखडतो. पण निदान नियम प्रश्न विचारायला जागा देतो.

आपल्या केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधला 151 वा नियम वाचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेला पुरवठादार अपात्र, हे ठीक. सार्वजनिक आरोग्याला धोका पोचवणाराही अपात्र. वाचून क्षणभर बरं वाटतं. पण पुढे अट आहे: त्याला त्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली हवी, आणि तो धोका सरकारी कंत्राट पार पाडताना निर्माण झालेला हवा. म्हणजे सरकारला विकलेल्या गाडीने कोणाचा जीव धोक्यात आला तर बघू. हजारो नागरिकांना विकलेल्या गाड्यांनी शहराची हवा नासली, तर या कलमाच्या लेखी तो वेगळा विषय. कंपनी उद्याच्या निविदेत ताठ मानेने बसू शकते. आपलं सरकार या वाक्यात नागरिकांच्या फुप्फुसांपेक्षा आपल्या कंत्राटाची जास्त काळजी करतं. वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसेलही. कंत्राटाचा नियम लिहिताना डोळ्यांसमोर कंत्राटच असतं.

आपापल्या महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येईल: गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या डिझेल गाड्यांच्या निविदेत उत्सर्जनाबद्दल कोणती अट होती, ताब्यात आल्यावर त्यातली एक तरी गाडी रस्त्यावर मोजली का, पुरवठादारावर कुठे दंड झाला होता का हे विचारलं का. बहुतेक ठिकाणी ‘अशी माहिती संकलित केलेली नाही’ असं उत्तर येईल. ते जपून ठेवावं आणि नगरसेवकापुढे ठेवावं. राहता राहिला तो 151 वा नियम. तो संसदेने केलेला कायदा नाही. अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने केलेला नियम आहे, आणि त्यातली कंत्राटाची अट काढायला त्या विभागाचा एक आदेश पुरतो.